वारा सुटल्यावरचा हप्ता

फार मागची गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीत सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. प्रत्येकाने अधूनमधून गवताची काडी सामाईक ढोलीत टाकायची, तो हप्ता. ज्याचा खोपा पडेल, त्याला त्यातून सगळ्यांनी नवा विणून द्यायचा.

त्यातल्या पिवळ्या नावाच्या सुगरणाने हप्ता बंद केला. "माझा खोपा कधी पडला? गवत फुकट गेलं!"

"फुकट कसं? शेजारच्या साळूचा खोपा पडला, तेव्हा त्यात विणलं की," ढोली सांभाळणारे म्हातारे आबा म्हणाले.

पुढे वादळ आलं. पिवळ्याचा खोपा एका धाग्यावर लोंबू लागला, आत पिल्लं. तो चोचभर गवत घेऊन आला.

"आबा, राहिलेले हप्ते घ्या!"

"वारा सुटल्यावर ढोली गवत घेत नाही, बाबा."

साळूने हाक मारली, "पिल्लं माझ्याकडे आण. खोपा मात्र तुझा तूच विण."

पिल्लं तिच्याकडे ठेवून, वादळ ओसरल्यावर पिवळ्याने एकट्याने नवा खोपा विणला. पण पहिली काडी ढोलीत टाकून.