हापशी नसलेली हापशीची विहीर

विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे एक दगडी विहीर आहे. तिच्या जुन्या पाटीवर ‘हापशीची विहीर’ असे लिहिलेले आहे. त्यातल्या ‘हापशी’वर आडवी रेघ मारून वर बारीक अक्षरांत ‘हबशी’ केले आहे. पाहुणे आले की आधी हापशी शोधतात. ती तिथे कधीच नव्हती. निवृत्त पहारेकरी सोनाजी गव्हाणे त्यांना मुद्दाम थोडा वेळ शोधू देतात आणि मग कट्ट्यावर बसवून हकिकत सांगतात.

विद्यापीठ नुकते उभे राहत होते, तेव्हाची ही गोष्ट, असे सांगतात. नकाशाच्या कचेरीत उजगरे नावाचे कारकून होते. माणूस सरळ, पण कागदावर आहे ते जमिनीवर असलेच पाहिजे अशी त्यांची पक्की समजूत. एके दिवशी नकाशातल्या ‘हापशीची विहीर’ या नावावर बोट ठेवून साहेबांनी फर्मावले, “माळावरची ती बंद हापशी बघून या. विहीर बुजवून वसतिगृह बांधायचंय.”

उजगरे गेले. विहीर होती, तळाशी पाणी होते, हापशी मात्र कुठे दिसेना. पाणी शेंदणारी बाई म्हणाली, “चोरीला गेली आसंल.” शेजारच्या वावरातला म्हातारा म्हणाला, “माझ्या आज्याच्या वक्ताला व्हती म्हणं.” आता गावोगाव हापश्या आल्या त्या दुष्काळानंतर, म्हणजे अगदी काल-परवा. मग आज्याच्या काळी कुठली हापशी? उजगऱ्यांचे डोके चक्रावले. तीन वेळा विहिरीला फेरी मारून ते घामाघूम झाले आणि मटकन खाली बसले.

तिथे रोज येणारी हलीमाबी हे सगळे बघत होती. ती पलीकडच्या वस्तीतली सिद्दी म्हातारी. तिचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. त्यांना इकडे हबशी म्हणत.

“हापशी न्हाई सायेब, हबशी,” ती म्हणाली. “आमचा मूळपुरुष. लिवणाऱ्यानं कानाला आलं तसं लिवलं.”

मग तिने सांगितले ते असे. हा हबशी लहान असताना म्हणे त्याला आईपासून तोडून गलबतात घातले. बाजारात त्याचे नाव ठेवले मर्जान, म्हणजे पोवळे. विकायच्या पोरांना अशी जडजवाहिराची नावे देत. मोठेपणी तो पाण्याचा जाणकार झाला. त्याला विकत घेणारा सरदार म्हणाला, या माळाला पाणी लागले तर तुला मोकळा करीन. सत्तर हात खोदले तरी खडक कोरडाच. तेव्हा तो तळाशी उभा राहून नवस बोलला, की पाणी लागू दे, विकताना ठेवलेल्या नावाला मी पुन्हा ओ देणार नाही. त्याच दिवशी झरा फुटला. तो मोकळा झाला, आणि पुढे कुणी ‘मर्जान’ म्हणून कितीही ओरडले तरी त्याने मान वळवली नाही. आईने ठेवलेले नाव तर त्यालाच आठवत नव्हते.

उजगऱ्यांना गलबलून आले. विहीर वाचवायची तर जुन्या वास्तूंच्या यादीत तिची नोंद हवी होती. त्या अर्जात एक रकाना होता, ‘बांधणाऱ्याचे नाव’. तो रिकामा राहिला तर अर्ज परत.

“मर्जान लिहितो,” ते म्हणाले.

“त्ये न्हाई लिवायचं. नवस मोडंल त्याचा.”

“अहो बी, मग विहीर जाईल!”

“जाईल,” म्हातारी म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून रडू लागली. “आमची हितं दुसरी खूण न्हाई, बाबा.”

जे नाव होते ते लिहायचे नाही, आणि जे लिहायचे ते कुणाला माहीत नाही. अखेर वेड्यासारखे उजगरे काठावर वाकले आणि ओरडले, “मर्जान!” साधा पोहरा आपटला तरी घुमणारी ती विहीर, पण आतून हूं की चूं आले नाही. ते पुन्हा ओरडले. तरी काही नाही. मग त्यांना एकदम ओशाळल्यासारखे झाले. एवढ्या थोर माणसाला आपण चक्क एकेरीत हाक मारतोय! घरातल्या वडीलधाऱ्याला म्हणावे तसे ते हळूच म्हणाले, “अहो…”

खालून स्वच्छ आवाज आला, “ओ.”

उजगऱ्यांनी तिथेच मांडीवर अर्ज ठेवून रकाना भरला: ‘नाव ठाऊक नाही. अहो म्हटल्यावर ओ देतात.’ साहेबांनी तो तीनदा वाचला म्हणे. अर्थ लागला नाही, पण रकाना रिकामा नव्हता, त्यामुळे अर्ज परत पाठवायला नियम सापडेना. त्यांनी सही केली. हलीमाबीने उजगऱ्यांकडून ती ओळ पुन्हा पुन्हा वाचून घेतली. “‘देतात’ लिवलंय?” तिने विचारले. “आमच्या माणसाला कागदावर अहो-जाहो आजच झालं.”

इतिहास विभागात हबशी आणि सिद्दी लोकांच्या आठवणींची एक मोठी वही आहे, ती याच ओळीने सुरू होते. आजही तिच्यात कुणाची आठवण लिहायची असली की आधी विहिरीवर जाऊन ‘अहो’ म्हणतात, आणि ओ आल्याशिवाय लेखणी उचलत नाहीत. मध्यंतरी इथिओपियाहून, म्हणजे ज्या हबसाणावरून हबशी हे नाव पडले तिथून, शिकायला आलेल्या एका मुलीने काठावर बसून आपल्या गावातली बारा नावे एकामागून एक पुकारली, त्यातले एखादे त्याच्या आईने ठेवलेले असेल या आशेने. मधेच कधीतरी ओ आली. पण ती तेव्हा इतकी रडत होती, की नेमकी कोणत्या नावाला आली हे तिला कळलेच नाही. तिने बाराही नावे लिहून ठेवली आहेत.