साळवणची तुती धरत नाही

साळवणच्या साळीआळीत शिरलात की प्रत्येक घराच्या परसात, मोरीच्या पाण्याच्या ओघळावर, एक तुतीचं झाड दिसेल. एकेचाळीस घरं, एकेचाळीस झाडं. पानं पंज्याएवढी, आणि सावली अशी की भर उन्हाळ्यातही मागाची खोली गार राहते. माघ-फाल्गुनात या झाडांना अंगभर तुरे येतात. फळ मात्र एकालाही धरत नाही. बाहेरगावची माणसं हसून विचारतात, मग हे लाकूड राखता कशाला? तेव्हा आळीतली जुनी माणसं त्यांना ओट्यावर बसवतात, गूळपाणी देतात आणि आवडाईची हकीकत सांगतात.

फार मागे इथं येमाजी साळी नावाचा विणकर राहत होता. आवडा ही त्याची बायको. तिची तीन मुलं देवीच्या साथीत एकाच पंधरवड्यात गेली, असं सांगतात. उरली ती ठमी, तेव्हा पाळण्यातली. आवडाने या पोरीला जपलं ते कसं विचारू नका. पाण्याला निघाली तरी पोर कडेवर, दळायला बसली तरी पोर मांडीवर. शेजारणी म्हणायच्या, "आवडे, पोरीला जमिनीला पाय तरी लावू दे." आवडा ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

ठमी आठ वर्षांची झाली त्या चैत्रात येमाजी शेले विकायला गोदेकाठच्या बाजाराला निघाला. पोर मागे लागली म्हणून तिलाही त्याने नेलं. दोन दिवसांची पायवाट. परतताना बाजाराच्या वेशीलगत राघू माळ्याच्या मळ्यात ती दोघं टेकली. मळ्याच्या बांधावर तुतीची झाडं काळ्याभोर फळांनी वाकली होती. माळ्याने पोरीला ओंजळ भरून तुती दिल्या. ठमी घरी परतली तेव्हा तिचे ओठ जांभळे, बोटं जांभळी, परकरावर जांभळे डाग. पुढे महिनाभर तिच्या तोंडी तोच एक विषय होता.

श्रावणात तिला हिवताप भरला. एक दिवसाआड यायचा आणि पोरीला हलवून जायचा. वैद्याचे काढे झाले, उतारे झाले. ताप थोडा हटला, पण पाणथरी वाढून पोट फुगलं आणि अन्नावरची वासना उडाली. भाताची पेज पुढे केली की ती मान फिरवायची. आवडाने हात जोडले तेव्हा म्हणाली, "आई, ती काळी तुती दे. मग जेवीन."

भाद्रपदात तुती कुठली? तरी येमाजी उठला आणि पावसापाण्यातून राघू माळ्याच्या मळ्याला गेला. माळी हळहळला. त्याने बांधावरच्या झाडाची हातभर फांदी छाटली, ओल्या मातीचा गोळा करून फडक्यात बांधली आणि म्हणाला, "परसात लावा. तुतीची काडी जगायला वेळ लागत नाही. दुसऱ्या वर्षाला पोरगी आपल्या हाताने तोडून खाईल."

मागल्या दारासमोर, ठमीच्या अंथरुणातून दिसेल अशा जागी, आवडाने ती काडी लावली. त्याच दिवशी गावदेवीपुढे जाऊन तिने नवस बोलला, "याला तुती लागेपर्यंत पोरीला माझ्यापाशी राहू दे. तोवर गोडाचा घास तोंडात घालणार नाही."

काडीला आठवड्याभरात डोळे फुटले, आणि काय नवल, त्या दिवसापासून पोरही जरा सावरली. रोज सकाळी पान किती वाढलं ते विचारायची. आवडा म्हणायची, "पेज प्यायलीस तर सांगते." मग ती वाटीभर पेज प्यायची. असा हिवाळा गेला. फाल्गुनात त्या लहानग्या झाडाला दोन-चार हिरवट तुरे आले. ठमी टाळ्या पिटत म्हणाली, "आई, लागली!" पण तुरे पिवळे पडले आणि वाऱ्याने गळून गेले. आवडाने पोरीची समजूत घातली, "झाड अजून कोवळं आहे गं. पुढल्या वर्षी धरेल."

ते वर्ष आवडाने झाडाला वाहिलं. नदीवरून घागरी आणल्या, आळं केलं, शेणखत घातलं. झाड दाराहून उंच गेलं. पोर मात्र खंगत चालली. हातापायांच्या काड्या आणि पोट पुढे आलेलं. तरी रोज सकाळी तिची मान त्या दाराकडे वळायची.

पुढल्या फाल्गुनात झाड तुऱ्यांनी झाकून गेलं. त्याच सुमारास राघू माळी लेकीच्या लग्नाचं पागोटं घ्यायला साळवणला आला आणि झाड बघायला परसात गेला. त्याने एक तुरा तोडला, बोटांत चुरडला. पिवळी धूळ उडाली. त्याचा चेहरा उतरला.

"बाई, हे नर झाड. याला तुरे येतील, फळ येणार नाही."

"यंदा नाही?"

"कधीच नाही. भर पावसात काडी छाटली. नर कोणती, मादी कोणती, बघायचं राहिलं. माझ्याच हातून झालं बघा."

आवडाने मागे वळून दाराकडे पाहिलं. आत पोर जागी होती. "हळू बोला," ती म्हणाली. ती खाली बसली आणि आळ्यातली माती उगीचच सारखी करत राहिली, म्हणे.

माळी जाताना येमाजीला म्हणाला, "चैत्रात या. पिकलेल्या राखून ठेवतो."

घरात आल्यावर ठमीने विचारलं, "काय म्हणाले माळीकाका?" आवडा म्हणाली, "म्हणाले, यंदा भरपूर लागतील." हे शब्द बोलताना तिची जीभ झडली नाही, याचंच तिला पुढे जन्मभर नवल वाटलं, असं सांगतात.

चैत्र लागताच येमाजी निघाला. माळ्याने दुरडीभर काळ्या तुती केळीच्या पानांत बांधून दिल्या, वर ओलं फडकं घातलं. पण तुती ते नाजूक फळ. सकाळी तोडलं तर संध्याकाळी मान टाकतं. येमाजी दोन दिवसांची वाट दीड दिवसात तुडवत आला. पायांना फोड आले. दुरडी उघडली तर आत आंबूस वासाचा काळा लगदा. त्यातून आवडाने चार फळं बरी निवडली, धुतली आणि ठमीच्या ओठांना लावली.

पोरीने एक चाखली आणि तोंड वाकडं केलं. "ही आंबलीय," ती म्हणाली. "आपल्या झाडाची लागू दे. तीच खाईन."

"ही पण तीच गं, ठमे. खा ना एक."

"नको. आपली लागली की मला सांग. विसरशील नाही ना?"

"नाही विसरणार."

त्यानंतर ठमीने अन्न जवळजवळ सोडलं. म्हणायची, भूक राखून ठेवलीय. वैशाखाच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळच्या उन्हात, दाराकडे तोंड करून ती गेली.

तेरावा झाला. येमाजी कुऱ्हाड घेऊन परसात आला. आवडा झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो, आवडे. या झाडाने फसवलं आपल्याला."

"झाडाने नाही. मी फसवलं," ती म्हणाली. "मी तिला आशेला लावलं. नसतं लावलं तर तुमच्या दुरडीतली खाल्ली असती तिने. चार दिवस जगली असती."

येमाजीने कुऱ्हाड खाली टाकली. असं सांगतात की त्यानंतर नवरा-बायकोत तुतीचा शब्द कधी निघाला नाही. येमाजी मागावर बसायचा, पण त्याने विणलेल्या कापडात धागे सुटलेले असायचे. तीन वर्षांत तोही गेला.

आवडा मात्र राहिली. पावसाळा आला की ती त्या झाडाच्या काड्या छाटायची आणि घरोघर जायची. "तुमच्या परसात लावू का एक?" कुणी नाही म्हणालं नाही. तिच्या परसातली धरून साळीआळीतल्या पहिल्या एकेचाळीस काड्या तिच्या हातच्या. नराच्या काडीचा नरच होणार, हे काय तिला ठाऊक नव्हतं? माळ्याने तोंडावर सांगितलं होतं. तरी दर चैत्रात ती दारोदार फिरायची, प्रत्येक झाडाखाली उभी राहून फांद्या वाकवून बघायची. एकदा एका सुनेने न राहवून म्हटलं, "काकू, कशाला जिवाला त्रास करून घेता? याला नाही लागायची." आवडा म्हणाली, "ठाऊक आहे गं. पण बघितल्याशिवाय तिला काय सांगू?"

मग ती आपलं झाड बघून घरात जायची, ठमीच्या अंथरुणाच्या जागी बसायची आणि हलक्या आवाजात म्हणायची, "यंदा नाही, ठमे." असं तिने एकतीस वर्षं सांगितलं, म्हणे. शेवटी दिसेनासं झालं तेव्हा बोटांनी चाचपायची. एका चैत्रात ती आळीत आली नाही. बायका बघायला गेल्या तर आपल्याच झाडाखाली, वाकवलेली फांदी हातात धरून, बसल्या जागी गेलेली.

त्या जागी गावाने एक दगड बसवला. त्यावर नाव नाही, शेंदूर नाही. नवस तिथं कुणी बोलत नाही.

आजही चैत्रातल्या तिजेला, इतर गावांत गौर झोपाळ्यात बसते त्या सकाळी, साळीआळीतल्या बायका आधी आपापल्या परसात जातात. मग ओळीने त्या दगडापाशी येतात आणि वाकून सांगतात, "आवडाई, यंदा नाही." एकामागून एक, एकेचाळीस वेळा. त्यानंतरच घरी चूल पेटते. नवी सून पहिल्यांदा निघाली की सासू तिला एकच गोष्ट बजावते. न बघता सांगायचं नाही. फांदी न फांदी वाकवायची, पानाआड बघायचं, आणि मगच सांगायचं.