खाराईच्या जत्रेत पाळणा वर का थांबतो

नाताळची सुटी लागली की मुंबईच्या उत्तर टोकाला, खाडीकाठच्या जुन्या मिठागराच्या मैदानावर खाराई देवीची जत्रा भरते, ती पौष पौर्णिमेपर्यंत चालते. खाजं, भजी, फुगे, बंदुकीचे नेम, सगळं इतर जत्रांसारखंच. आकाशपाळणाही तसाच, विजेवर फिरणारा, दिव्यांनी लखलखणारा. पण त्याची एक चाल वेगळी आहे. पहिल्या दिवशी प्रत्येक पाळणा अगदी माथ्यावर गेला की थांबतो. खालचा माणूस सावकाश पन्नास अंक मोजतो आणि मगच तो खाली येतो. नव्या माणसाला वाटतं, यंत्र बिघडलं.

सुटीत शहर बघायला निघालेली मंडळी इथे आली की कमळाकर भोईर त्यांना पाळण्याखालीच उभं करतात. त्यांच्या चार पिढ्या या मिठागरात राबल्या. भोईरकाका सांगतात ती हकिगत पदीची आहे.

तेव्हा इथे शहर नव्हतं. खाडीच्या अलीकडे आपलं खारगाव, पलीकडे वेलंगे, मध्ये पाणी आणि दोन्ही काठांना तिवरांचं दाट रान. पदी वेलंग्याची. लग्न होऊन खारगावात आली त्याला सहा महिनेही झाले नव्हते. त्या वर्षी भर उधाणात वेलंग्याच्या मिठागराचा बांध फुटला आणि साठवलेलं सगळं मीठ एका रात्रीत पाण्यात गेलं. बांध खारगावच्या माणसांनी फोडला, असं वेलंगेकर म्हणाले. आमचा हात नाही, असं खारगावकर म्हणाले. खरं काय ते खाडीलाच ठाऊक. भांडण हातघाईवर आलं, तेव्हा दोन्ही गावच्या पंचांनी देवीपुढे शपथ घातली. बारा वर्षं या गावचं पाऊल त्या गावात पडणार नाही, होडी जाणार नाही, निरोपही जाणार नाही. मोडेल त्याचं घर वाळीत.

पदी देवळाच्या पायरीशी बायकांमध्ये उभी होती. सासरी आल्यापासून ती चारचौघांत बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"जायचं नाही, सांगायचं नाही, समजलं," ती म्हणाली. "पण बघायचं तरी आहे ना?"

पंचांतला म्हातारा म्हणाला, "नजरेला कोण अडवणार, बाय. बघ तू."

पण बघणार काय? काठावर उभं राहिलं की समोर तिवरंच तिवरं. रोज मीठ ओढताना पदी टाचा उंच करून पाहायची. घर त्याच दिशेला आहे, एवढंच तिला कळायचं. घरी एकटी आई आणि लग्नाला आलेला भाऊ. आईची कंबर वाकलेली. पाणी कोण भरत असेल, हा एकच विचार तिला दिवसभर पुरायचा.

शपथेच्या दुसऱ्या वर्षीच्या जत्रेत घाटावरून रावबा नावाचा माणूस लाकडी रहाटपाळणा घेऊन आला. चार पाळणे, आणि फिरवायला चार गडी. पदीचा नवरा दामा तिला म्हणाला, "बस एकदा. वर्षभर हसली नाहीस." पदी बसली. रहाट वर गेला, तिवरांचे शेंडे खाली राहिले, आणि पलीकडच्या उंचवट्यावर तिला आपलं घर दिसलं. कौलं, चिंच, खळ्यातली पेंढ्याची उडवी. आणि उडवीपाशी वाकलेला एक हळदी ठिपका. ते लुगडं पदीनं ओळखलं. तिच्या लग्नात आई तेच नेसली होती.

तेवढ्यात रहाट खाली आला. ती उतरली नाही. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. सहाव्या फेरीनंतर रावबानं विचारलं, "बाई, तुम्हाला चक्कर येत नाही का?" तिनं सगळं सांगितलं. त्याचं घर घाटावर होतं आणि वर्षातले आठ महिने तो रस्त्यावर असे.

"बसा," तो म्हणाला. गड्यांना त्यानं सांगितलं, "ही वर गेली की खांदा लावून धरा. मी मोजतो."

रहाट थांबला. पदीनं डोक्यावरचा लाल पदर सोडवला आणि वाऱ्यावर धरला. पलीकडे आईनं मान वर केली. इतका वेळ फिरणारा रहाट एकाएकी थांबला, हे तिलाही दिसलं असणार. ती खळ्याच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी पदी पुन्हा वर गेली, तेव्हा आई उडवीवर चढून उभी होती.

तेव्हापासून दर जत्रेच्या पहिल्या दिवशी हे असंच चाललं. लेक रहाटावर, आई उडवीवर. शब्द नाही, निरोप नाही, म्हणून शपथही मोडली नाही. पदीला मुलगी झाली, ती तिनं वरून उंच धरून दाखवली. म्हणे, त्या सगळ्या वर्षांत जत्रेच्या दिवशी खाडीवर एकदाही धुकं उतरलं नाही. पुढेपुढे तर आई अगदी ताठ उभी राहायची. पदी खाली येऊन दामाला सांगायची, "आईची कंबर बरी झाली वाटतं." त्या दिवशी ती पोटभर जेवायची.

बारा वर्षं सरली. शपथ सुटली त्या सकाळी पहिली होडी दामानं लोटली. पदीनं आईसाठी सुकं म्हावरं, तांदळाचे लाडू आणि नवं लुगडं बांधून घेतलं होतं. वेलंग्याच्या काठावर हळदी लुगडं नेसलेली बाई उभी होती. पदी पाण्यातच उतरली आणि धावली. जवळ जाऊन पाहते तो चेहरा अनोळखी.

"मी बुधी," ती बाई म्हणाली. "तुमची भावजय."

"आई कुठाय?"

बुधीनं तिचा हात धरला आणि सांगितलं. शपथेनंतरची पाचवी जत्रा झाली, त्या पावसाळ्यात आई गेली होती. निरोप पाठवायची सोय नव्हती.

पदी चिखलातच बसली. मग तिनं विचारलं, "मग उडवीवर कोण असायचं?"

"मी. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी हे लुगडं मला दिलं. म्हणाल्या, रहाट थांबला की वर चढून उभी राहा. तिथे तिला कुणी सांगायला जाणार नाही, आणि उडवी रिकामी दिसली तर पोर घरी जाऊन जेवायची नाही."

"सात जत्रा?"

"सात. मला वाकून उभं राहायला जमलं नाही, ताई. भीती वाटायची, तुम्ही ओळखाल."

पदीनं तिला जवळ ओढलं आणि त्या लुगड्यात तोंड खुपसून रडली. आणलेलं नवं लुगडं तिनं बुधीलाच नेसवलं.

वाट मोकळी झाल्यावर हवं तेव्हा होडीनं जाता येत होतं. तरी पदी दर जत्रेला रहाटावर बसायची आणि बुधी उडवीवर चढायची. रावबा थकला तेव्हा गड्यांना बजावून गेला, की पहिल्या दिवशी कुणाही बाईला मोजल्याशिवाय खाली आणायचं नाही. पुढे गडी गेले, वीज आली, पाळणेवाले परप्रांतातून येऊ लागले. जत्रा कमिटी जागा देताना प्रत्येकाला हे आधी सांगते.

आता वेलंग्यातही पंचवीस मजली इमारती उभ्या आहेत. माथ्यावरून खाडीची एक चिंचोळी पट्टी दिसते, बाकी नुसत्या खिडक्या. पण आजही पहिल्या दिवशी बायकांची रांग मैदानाबाहेर जाते. कुणी साताऱ्याकडची, कुणी बिहारची, कुणी नेपाळची. घरकाम आटोपून येतात, दुकानं दुपारीच बंद करून येतात. पाळणा वर थांबतो. खालचा माणूस मोजू लागतो. आणि वर बसलेली प्रत्येक जण आधी उन्हाकडे पाहून आपल्या गावची दिशा ठरवते, मग त्या बाजूला तोंड करून बसते, आणि पन्नास होईपर्यंत कुणी बोलत नाही.