शनिवारची रुई

खूप जुनी गोष्ट आहे, तुमच्या-आमच्या कितीतरी आधीची. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथल्या मारुतीच्या देवळामागे लहानशी बाग होती आणि ती एक म्हातारी माळीण जिवापाड सांभाळायची. सगळे तिला मावशी म्हणत.

एकदा पाटील म्हणाले, "मावशी, तुझ्या बागेत औषधाला फुलपाखरू नाही. दिवाळीपर्यंत फुलपाखरं आली नाहीत, तर इथे गुरांचा गोठा बांधू."

मावशीने बागेत रुई लावली. लोक हसले. "माळावरचं झुडूप बागेत?"

"केशरी फुलपाखरू याच्याच पानांवर अंडी घालतं," मावशी म्हणाली. "अळ्यांना दुसरं पान चालत नाही. तेवढा पानांना हात लावू नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शनिवार उजाडला आणि मारुतीच्या माळेसाठी सगळ्यांनी पानं तोडली.

"अरे, सांगितलं होतं ना!"

"मी एकच घेतलं, मावशी." असं चाळीस जणांनी सांगितलं.

पुढच्या शनिवारी तिने काटेरी कुंपण घातलं. लोकांनी ते अलगद बाजूला ठेवलं. त्याच्या पुढच्या शनिवारी ती काठी घेऊन उभी राहिली.

"देवाला नाही म्हणतेस?" पुजारी कडाडले.

"देवाला कशाला? तुम्हाला म्हणते! माळावर रुईचं रान माजलंय. जा की तिकडे!"

"ऊन किती आहे, मावशी!"

एका माळेतून एक पट्टेरी अळी देवळात गेली आणि मारुतीच्या गदेखाली कोष करून लटकली. काही दिवसांनी, भर आरतीत, त्यातून केशरी फुलपाखरू बाहेर आलं.

"चमत्कार!" गाव ओरडलं.

"चमत्कार कसला? एक अळी वाचली, तिचं हे फुलपाखरू," मावशी कळवळून म्हणाली. "आता बाकीच्यांना तरी..."

पण ऐकायला होतं कोण? सगळे देवाला नव्या माळा घालायला बागेकडे धावले होते. मावशी पोचली तेव्हा रुईच्या उघड्या काड्यांतून चीक गळत होता.

दिवाळी आली. फुलपाखरं आली नाहीत.

"तुला काही जमलं नाही हो, मावशी," पाटील हळहळले.

मावशीने खुरपं उचललं आणि ती गाव सोडून गेली.

तिथे आता गोठा आहे. माश्या मात्र न बोलावता येतात.

तात्पर्य : ज्याला बोलवायचं, त्याच्याच पिल्लांच्या तोंडचा घास काढून घेऊ नये.