दोन खुणांमधलं अंतर

"चूक दाखवा ना, उस्ताद. कुठं आहे चूक?"

बाबालाल उस्तादांनी हँडल पुन्हा एकदा डावीउजवीकडे फिरवून पाहिलं.

मिरजेतल्या त्यांच्या गॅरेजात मोटरसायकल उभी होती. केतकी आवटीने दोन महिने खपून गाडीचं नाक, म्हणजे पुढचा भाग, दोन इंच खाली आणला होता. इंजिनिअर झाल्यावर तिने स्वतःच्या हिशोबाने बदललेली ही पहिली गाडी. गिऱ्हाईक चार वाजता येणार होतं आणि बायकोला मागे बसवून आजच आंबा घाट उतरणार होतं.

उस्ताद गाडीवरून चौकापर्यंत जाऊन आले होते. आल्यावर एवढंच म्हणाले होते, "ही जायची न्हाई."

"कारण तरी सांगा."

"हाताला बरं वाटंना."

"बरं वाटेना म्हणजे किती मिलिमीटर?"

उस्तादांनी वाकून पुढचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं.

"गेल्या महिन्यात आपल्या गॅरेजातल्या दिलावरने केलेली गाडी लगेच सोडलीत. चौकापर्यंतसुद्धा नेली नाहीत."

"त्यानं रंगच बदलला हुता."

केतकीने हातातला पाना बाकावर आपटला. "तुमच्या पिढीचं हेच. कारण विचारलं की तोंड बंद. आणि आम्ही ऐकायचं, का तर तुमचे केस पांढरे."

उस्तादांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. तिथे केस नव्हतेच.

"मोजलीस?"

"मोजली. हवं तर तुमच्यासमोर मोजते."

गाडी इंजिनाखाली ठोकळा देऊन सरळ उभी केली होती. हँडल ज्या दांड्यावर फिरतं, त्याच्या तिरक्या रेषेत केतकीने सळई धरली. सळईचं टोक जिथे फरशीला टेकलं, तिथे खडूची खूण केली. मग पुढच्या चाकाच्या मध्यातून ओळंबा सोडला आणि त्याच्याखाली दुसरी खूण केली.

"हे अंतर चाकाला सरळ ठेवतं. फार कमी झालं तर हँडल थरथरतं. चार बोटं आहे. पुरेसं आहे. बघा."

उस्तादांनी पाहिलं.

"ठोकळा काढ."

तिने काढला.

"बस. पुढचा ब्रेक दाब. आता अंग पुढं टाक... आजून."

तिने रागारागाने सगळं वजन हँडलवर टाकलं. गाडीचं नाक खाली दबलं. उस्ताद गुडघे मोडत खाली बसले. सळई, ओळंबा, खडू. दोन नव्या खुणा.

केतकीने बसल्या जागेवरून वाकून पाहिलं.

अडीच बोटंसुद्धा नव्हती.

ती बराच वेळ ब्रेक दाबूनच राहिली.

"घाट उतरताना तर सारखाच ब्रेक लागतो... हँडल थरथरणार."

मग ती खाली उतरली. आवाज चढलेलाच होता.

"तुम्हाला माहीत होतं. दोन महिने नुसते बघत बसलात, आणि आज मला तोंडघशी पाडलंत."

"न्हवतं माहीत."

"खोटं बोलू नका. माहीत नव्हतं तर अडवलीत कशाला?"

उस्ताद बाकाला धरून हळूहळू उभे राहिले. बोटांवरचा खडू त्यांनी पायजम्याला पुसला.

"माहीत न्हवतं म्हणूनच अडवली. तुलाबी न्हवतंच की... तू सोडत हुतीस."