राजाचे ओले मोजे

एकदा काय झालं, पार तिकडे चीन देशात एक राजा होता. राजा कसला, मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं त्याला. महालापुढून पाण्याचा पाट वाहायचा आणि पाटावर पाच पूल. संगमरवराचे, पांढरेशुभ्र. वेणू, गुडघा काढ बाई, टोचतोय मला. हां.

तर तिथला रिवाज असा, बरं का, की मधल्या पुलावर फक्त राजानं पाऊल टाकायचं. बाकीच्यांनी कडेच्या पुलांवरून जायचं. राजाला आई नव्हती. लियानदाईनं त्याला वाढवलं. ती त्याला 'बाओ' म्हणायची, बोट धरून कडेच्या पुलावरून न्यायची. मग तो गादीवर बसला आणि ते बोट सुटलं. नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. नुसतं 'महाराज, महाराज'. मधल्या पुलावर तो एकटाच. फार एकटं वाटायचं हो त्याला.

एके सकाळी तो उठला आणि थेट दाईच्या पुलावर गेला. लगेच प्रधान ओरडला, "महाराजांचं पाऊल पडलं! आता हा पूल महाराजांचा. सरका सगळे!" दाईला रेटत रेटत पुढच्या पुलावर नेलं. मग राजा तिकडे गेला. तोही पूल राजाचा झाला. मग त्याच्या पुढचा. असं करता करता पाचही पूल राजाचेच झाले. करायला गेला गणपती अन् झाला मारुती!

मग काय, लोक पाण्यातून जायला लागले. प्रधानानंही रेशमी झगा कमरेला खोचला. हसू नका, पाणी बर्फासारखं गार होतं.

सगळ्यांत मागे होती दाई. मध्यावर तिचे पाय बधिर झाले, ती डगमगली. राजा वरून ओरडला, "अरे, धरा तिला!" पण राजा समोर असला की मान वर करायची नाही, हाही रिवाजच. कुणी पाहिलंच नाही.

मग राजानंच टाकली की उडी! दाईचा हात घट्ट धरला.

प्रधान म्हणाला, "महाराजांचं पाऊल पडलं! आता हे पाणी..." आणि वाकून पाण्याकडे बघायला लागला. पाऊल पडलं ते पाणी कधीच पुढे वाहून गेलं होतं. राजाचं म्हणणार कशाला?

दाई म्हणाली, "बाओ, मोजे भिजवलेस ना रे!"

राजा हमसून हमसून रडला. किती दिवसांनी त्याचं नाव ऐकलं होतं त्यानं.

मग त्यानं चार पूल लोकांना परत दिले आणि स्वतः रोज दाईचा हात धरून पाण्यातून जायला लागला. सुखात राहिली दोघं. पुढे दाई म्हातारी होऊन देवाघरी गेली. पण राजाचे मोजे रोज सकाळी ओलेच असायचे.

झालं. राजाचे मोजे वाळत पडले, तुम्ही पांघरुणात शिरा. आणि वेणू, हात नको सोडूस एवढ्यात. मला झोप लागू दे.