अर्ध्या पायरीची ओटी

ऐका बायांनो, गडावरच्या आईची कहाणी. आटपाट नगर होतं, नगराच्या माथ्यावर आईचा गड होता. नगरांत एक तांबट राहात होता. त्याची सून सगुणा.

एके वर्षी नगरांत साथीचा ताप आला, तो सगुणेच्या छातींत उतरला. वाचायची आशा उरली नाही. मग तिनं आईला नवस केला, “बरी झालें, तर तीन शुक्रवार गड चढून तुझी ओटी भरीन.” आई पावली, ताप गेला. पण जातांना अर्धा श्वास घेऊन गेला. घागर उचलली की धाप लागे, बोलतां बोलतां दम लागे. सासू म्हणे, “ताप कधींच गेला, आतां ही सोंगं कसलीं गं?” सगुणा शरमेनं मान खालीं घाली.

पहिला शुक्रवार आला. सगुणा ओटी घेऊन निघाली. अर्ध्या पायऱ्यांवर छाती भरून आली, पाय उचलेना. मग तिनं काय केलं? खण-नारळ घाणेरीच्या जाळींत टाकला, घरीं येऊन सांगितलं, “दर्शन झालं.” सासू म्हणाली, “गड चढलीस ना? मग उद्यांपासून जातं तुझं.” दुसरा शुक्रवार आला. तशीच गेली, तशीच बसली, तशीच खोटं बोलली. सासू म्हणाली, “आतां पाणीही तुझं.” खोटं बोलून बाईनं काय मिळवलं? जातं न् घागर!

तिसरा शुक्रवार आला. सगुणा पायरीवर बसून रडूं लागली. तों वरून एक म्हातारी उतरली. पदरांत दोन खण, दोन नारळ, हाताला ओरखडे. “लेकी, माझी ओटी कांट्यांत कां गं टाकलीस?” सगुणेनं ओळखलं, लाजेनं तोंड झाकलं. “आई, माझ्यानं चढवत नाहीं. बरी झालें असं कोणत्या तोंडानं म्हणूं?”

“गेलेला श्वास माझ्यापाशीं नाहीं गं. पण जिथं तूं बसशील, तिथवर मी उतरेन. भर ओटी. मात्र घरीं खरं सांग.”

सगुणेनं तिथंच ओटी भरली. घरीं उद्यापनाच्या सवाष्णी जेवत होत्या. सासू कौतुकानं सांगत होती, “आमची सून खडखडीत बरी झाली हो!” सगुणेचे कान तापले. तरी ती म्हणाली, “मी गड चढलें नाहीं. दोन ओट्या कांट्यांत टाकल्या. मला दम लागतो, अजून लागतो.”

सासूच्या हातांतली पळी तशीच राहिली. मग कासाराची सून पानांत बघत म्हणाली, “जाळींत माझीही ओटी आहे.” शिंप्याची लेक म्हणाली, “माझीही.” सासू खालीं बसली. तिला कुणाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशीं जातं सासूनं ओढलं.

तेव्हांपासून हा वसा. दुखण्यांतून उठलेलीला लगेच कामाला उठवूं नये, दमलेलीला हंसूं नये, आईची ओटी जमेल त्या पायरीवर भरावी. सगुणेची लाज जशी आईनं पदरांत घेतली, तशी तुमची आमची घेवो. साठ उत्तरांची कहाणी दम खात पांचांत सांगितली, ती सुफळ होवो, इथं संपूर्ण होवो.